पहिला ठोका ओळखीचा

मामांचा धंदा काय, हे लोकांना समजावून सांगायला मामींना लग्नानंतर बरीच वर्षं लागली. "लोखंड ठोकून बघतात," म्हटलं की समोरच्याला वाटायचं, लोहार असेल. "तपासणी करतात," म्हटलं की वाटायचं, कुणी मोठा साहेब असेल, आणि दुसऱ्याच दिवशी एखादी शेजारीण मुलाच्या नोकरीचा विषय काढायची. शेवटी मामींनी आपलं एक उत्तर बसवलं. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसे हे पोलादाला टिचकी मारून बघतात. बहुतेकांना एवढं पुरायचं. खोलात शिरणाऱ्यांना त्या पुढे सांगायच्या की मडकं फुटलं तर पाणी सांडतं, पोलाद कच्चं निघालं तर माणसं सांडतात. हे वाक्य मूळचं मामांचं, पण मामींनी ते इतक्यांदा वापरलं होतं की आता त्यावर त्यांचीच मालकी होती.

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे, आणि सख्खे मामा तर ते कुणाचेच नव्हते. तरुणपणी एका कारखान्यात कुणीतरी थट्टेनं हाक मारली ती चिकटली, आणि मग बायको ओघानंच मामी झाली. क्रेनचे हूक, बॉयलरचे सांधे, पुलाचे खिळे, खाणीचे पिंजरे, जे जे उचलून प्रयोगशाळेत नेता येत नाही त्याच्यापर्यंत मामा आपली पेटी घेऊन जात. पेटीत जाड पेनाएवढी एक नळी आणि तळहाताएवढा आकड्यांचा पडदा. नळीच्या पोटात स्प्रिंग आणि टोकाला कठीण गोळी बसवलेला एक चिमुकला ठोकळा. नळी पोलादावर टेकवून बटण दाबलं की ठोकळा खाली आपटतो आणि उसळतो. पोलाद जितकं कठीण तितकी उसळी मोठी, आणि उसळी जितकी मोठी तितका पडद्यावरचा आकडा मोठा. सगळा कारभार एवढाच. बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं, हे तर कुणीही करील. मामांना या वाक्याचा फार राग होता.

कारण हे यंत्र हाती येण्याआधी त्यांनी दोन जमाने पाहिले होते. त्यांना धंदा शिकवणारा मिस्त्री नुसत्या कानशीवर काम करायचा. पोलादावर कानस फिरवायची. चावली तर मऊ, घसरली तर कठीण, आणि मधलं सगळं मिस्त्रीच्या मनगटात. मग हातोडी आणि गोळीचा जमाना आला. गोळीवर हातोडी मारायची आणि पोलादावर उठलेल्या वाटोळ्या खळग्याची रुंदी भिंगातून मोजायची. मामा भिंगाला उजवा डोळा लावत आणि केसभर फरकही सांगत. त्या डोळ्याचं कौतुक सगळीकडे होतं. मामांना ते माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं सोंग त्यांना मुळीच जमत नसे.

कामाचे त्यांचे काही नियम होते. जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची. वस्तू लहान असेल तर ती जड लोखंडी ठोकळ्यावर घट्ट वंगण लावून चिकटवायची, नाहीतर ती ठोक्याबरोबर हलते आणि खोटं बोलते. आणि एका जागी दोनदा ठोका मारायचा नाही. ठोका बसला की तिथलं पोलाद दबतं आणि निबर होतं, पुन्हा तिथेच मारलं तर आकडा उगाच वर चढतो. मार खाल्लेली जागा खरं सांगत नाही, मामा म्हणत. माणसाचंही तसंच, पण माणसाचं यंत्र अजून निघालेलं नाही. म्हणून पाच वेगवेगळ्या जागी पाच ठोके आणि त्यांची सरासरी. पाचामुखी परमेश्वर, असं म्हणून ते मान डोलवत.

या पाचांच्या आधी आणखी एक ठोका असायचा आणि तो हिशेबात धरायचा नाही. ही मिस्त्रीची शिकवण. पहिल्या ठोक्याला घासल्याची धूळ असते, वस्तू नीट बसलेली नसते, हातही नवखा असतो. पहिला ठोका ओळखीचा, मिस्त्री म्हणायचा. पाहुणा दारात आल्या आल्या त्याच्याशी व्यवहार बोलत नाहीत. मामांनी ही रीत जन्मभर पाळली. पहिला आकडा कितीही येवो, ते तो सोडून देत.

मग त्या नावाजलेल्या डोळ्यांनीच दगा दिला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते औषधाच्या थेंबांवर टिकेल तेवढं टिकेल. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं, आणि शेवटी एक धुरकट फट उरली. तिच्यातून उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे हे कळायचं, आकडा कळायचा नाही. मामा दवाखान्यातून घरी येऊन पलंगावर बसले. मामी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी यंत्र थांबवलं आणि म्हणाल्या, "आकडे मी वाचीन." त्यावर काही चर्चा झाली नाही. पुढच्या खेपेपासून पेटी मामींच्या हातात आली.

लोकांसाठी कारण तयार होतं. मामांचे गुडघे दुखतात, ओझं झेपत नाही. गुडघे खरंच थोडेफार दुखत, त्यामुळे ते अगदीच खोटंही नव्हतं. लोक हसायचे, मामींशिवाय मामांचं पान हलत नाही म्हणायचे. मामा उत्तर द्यायचे, "म्हातारपणी नव्यानं लग्न झालंय आमचं, तुम्हाला का पोटात दुखतंय?" झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगायचं तर मामींना हे दिवस आवडत होते. सगळा जन्म त्यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात दुसऱ्यांचे कपडे शिवण्यात घालवला होता. नवरा कुठे जातो, काय करतो, हे त्यांनी फक्त ऐकलेलं. आता त्या पुलाखाली उभ्या राहत, बॉयलरच्या पोटात वाकून शिरत, आणि त्यांनी आकडा उच्चारेपर्यंत मोठमोठी माणसं गप्प राहत. नवऱ्याचे डोळे गेल्यामुळे आपल्याला जग दिसलं, हा विचार मनात आला की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

दिसत नसताना पाच ठोके पाच जागी कसे मारायचे, याचंही मामांनी तंत्र बसवलं होतं. मोठ्या वस्तूवर ते डाव्या हाताच्या नखाने आधीचा खळगा चाचपत आणि बोटभर पुढे सरकत. फिरवता येण्यासारखी वस्तू असली तर उलटं. उजव्या हातातली नळी कडेपासून नखभर आत एका जागी धरायची आणि डाव्या हाताने वस्तूच बोटभर फिरवायची. ठोके संपले की मामी फडक्याने जागा पुसून घेत, तेव्हा त्यांना चकचकीत पोलादावर बारीक ठिपक्यांचं कडं दिसायचं. एकही ठिपका दुसऱ्यावर चढलेला नसायचा. डोळसाला जमणार नाही इतकं ते सारखं असे, आणि त्या मनातल्या मनात नवऱ्याची दृष्ट काढत.

खाणीवरचा निरोप आला त्याच्या आदल्या दिवशी मामांनी चुलीवरचं रिकामं, तापलेलं भांडं डाव्या हाताने धरलं होतं. तळवा आणि बोटं भाजली. मामींनी जाड पट्टी बांधली आणि निरोप आल्यावर सांगितलं, या खेपेला नाही म्हणा. पण पिंजऱ्याची पिन बदलायची होती आणि ती तपासल्याशिवाय पिंजरा हलणार नव्हता. मामा म्हणाले, भाजलाय तो हात ठोका मारत नाही.

खाणीच्या तोंडाशी फिटर लोकांची एक पत्र्याची शेड होती. दारातून समोर लोखंडी मनोरा दिसत होता. त्याच्यावर मोठं चाक, चाकावरून उतरलेला तारेचा दोर, आणि दोराखाली ज्यात बसून माणसं खाली जातात तो पिंजरा, आज खाली टेकू देऊन थांबवलेला. दोर आणि पिंजरा यांना जोडणारी मुख्य पिन म्हणजे मनगटापेक्षा जाड, हातभर लांब पोलादी दांडा. झिजलेली जुनी पिन काढली होती आणि नवी आली होती. तिला नीट पाणी दिलेलं असेल, म्हणजे तापवून झटक्यात थंड केलेलं असेल, तर आकडा साडेपाचशेच्या वर यायला हवा. त्याखाली आला तर ती मऊ. पहिल्या दिवशी काही होत नाही, मऊ पिन हळूहळू झिजते, चेपते, आणि एके दिवशी भरल्या पिंजऱ्यासकट सुटते. भिंतीच्या सावलीत दुपारच्या पाळीची माणसं कपाळावरचे दिवे विझवून बसली होती.

फोरमन जाडजूड, भला आणि कायम घाईत असलेला माणूस होता. तो दारात उभा राहून एकदा पिनकडे आणि एकदा बाहेरच्या माणसांकडे बघत होता. मामांनी पिन वंगण लावून लोखंडी ठोकळ्यावर उभी करवली. मामींनी तिचं वरचं तोंड घासून आरशासारखं केलं, मामांचा उजवा हात हळूच जागेवर आणून दिला आणि पडदा घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. टक् असा आवाज झाला.

"चारशे ऐंशी," मामी म्हणाल्या.

फोरमनने चमकून पाहिलं. मामा हसले. हा ओळखीचा, धरायचा नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पिन फिरवायला डावा हात लावला. पुढचा पाचशे छप्पन्न. मग पाचशे एकाहत्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, पंच्याऐंशी. मामी वाचत गेल्या. एरवी आकडे थोडे खाली, थोडे वर असे यायचे. आज ते शहाण्या मुलांसारखे ओळीने वरच चढत होते. मामींच्या मनात काहीतरी खुपलं, पण त्यांचं काम वाचायचं होतं आणि नजर पडद्यावर होती.

"पास," मामा म्हणाले. "पाणी छान दिलंय."

फोरमनने सुस्कारा सोडला आणि बाहेर हात केला. भिंतीलगतची माणसं उठली, कपडे झटकू लागली. त्यातला एक मिशाळ खाणकामगार दाराशी येऊन मामींना म्हणाला की मामांनी ठोकून दिली ना, मग आता पिंजऱ्यात डुलकी काढायला हरकत नाही. मामी हसल्या आणि नेहमीप्रमाणे फडकं घेऊन पिन पुसायला वाकल्या.

पोलादावर कडं नव्हतं. एकच खळगा होता, नेहमीपेक्षा खोल, कडा उचललेला.

काय झालं ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. पट्टीला वंगण लागलं होतं. पिन ठोकळ्याला घट्ट चिकटलेली, आणि मामांचा बांधलेला हात तिच्यावरून नुसताच घसरत होता. त्यांना वाटत होतं पिन फिरतेय. उघडी बोटं असती तर समजलं असतं. सहाच्या सहा ठोके एकाच जागी बसले होते.

फिटर पिन उचलायला आला. मामींनी फडकं तिच्यावर टाकलं आणि वर हात ठेवून उभ्या राहिल्या. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण चारचौघांत, फोरमनच्या समोर, आणि तेही ज्या गोष्टीवर हा माणूस जन्मभर ताठ मानेनं जगला तिच्याबद्दल? बाहेर माणसं पिंजऱ्याकडे निघाली होती.

"अहो, माझ्याकडून वाचताना चूक झाली," त्या म्हणाल्या. "परत घेऊ या."

"तुझा आकडा आजवर चुकलेला नाही," मामा म्हणाले. ते हे फोरमनकडे तोंड करून, कौतुकानं म्हणाले. फोरमनने मामींना हात जोडले आणि पाळी खोळंबलीय, असं अजिजीनं सांगितलं.

तेव्हा मामी नवऱ्याजवळ गेल्या. त्यांचा उजवा हात धरला आणि तर्जनी पिनच्या तोंडावर नेऊन ठेवली. मामांचं बोट कडेकडेनं फिरलं. सगळीकडे गुळगुळीत. एका जागी ते अडकलं, तिथून निघालं, पूर्ण वळसा घालून पुन्हा तिथेच येऊन थांबलं. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"पहिला किती होता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"चारशे ऐंशी."

सहांपैकी न दबलेल्या पोलादावर बसलेला तेवढा एकच ठोका होता, आणि तो त्यांनी रिवाजाप्रमाणे सोडून दिला होता. मामींना वाटलं, हे आता मोडून पडतील. त्या कानाशी कुजबुजल्या की हाताला पट्टी आहे, वंगणानं हात घसरला, एवढंच सांगा, परत ठोके घेऊ. ते खरंही होतं. फोरमनने पुढे काही विचारलं नसतं. पिन नापास झाली असती, माणसं वाचली असती, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. मामी मनातल्या मनात विनवत होत्या, एवढंच बोला, याच्या पुढे बोलू नका.

मामांनी पट्टीचा हात पाठीमागे नेला आणि आवाजाच्या अंदाजानं फोरमनकडे वळले.

"ही पिन लावू नका," ते म्हणाले. "सगळे ठोके एकाच जागी पडलेत. मला दिसत नाही."

चष्मा घरी राहिला का, असं फोरमनने विचारलं.

"चष्म्याचं नाही. दोन वर्षं झाली, मला दिसतच नाही. आकडे ही वाचते. आज माझा हात फसला, आणि फसला हे मला कळलं नाही. उद्याही कळणार नाही."

मग फोरमनने घसा खाकरून विचारलं की या दोन वर्षांत मामांनी इथल्या ज्या ज्या वस्तू पास केल्या, त्यांचं काय. मामी पुढे झाल्या. प्रत्येक वेळी मी स्वतः पुसलंय, प्रत्येक वेळी ठिपके वेगवेगळे होते, मी शपथेवर सांगते, असं त्या बोलत राहिल्या. फोरमनने सगळं ऐकून घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हता.

"मामी, पण तुम्ही त्यांच्या बायको आहात," तो म्हणाला.

"बरोबर बोलतायत ते," मामा म्हणाले. "सगळं परत तपासून घ्या. बाहेरचा माणूस बोलवा. माझ्या शब्दावर एकही वस्तू ठेवू नका."

मामींना त्या क्षणी फोरमनचा नाही, नवऱ्याचाच राग आला. चांगली केलेली दोन वर्षांची कामं या माणसानं एका वाक्यात पाण्यात घातली. स्वतःची आणि मामींचीही. मग त्यांना त्या रागाचंही रडू येऊ लागलं. पण रडायला वेळ नव्हता, कारण फोरमनला पिनचा निकाल हवा होता. नळी मामींनी हातात घेतली, पडदा फोरमनने धरला. मामा बाकावर बसून ऐकत होते. मामींनी आजवर एकही ठोका मारला नव्हता, पण तो कसा मारायचा ते त्यांना शेजारी उभं राहून माहीत झालं होतं. चारशे सत्त्याहत्तर. चारशे चौऱ्याऐंशी. चारशे ऐंशी. पाच जागी पाच, आणि एकही पाचशेला शिवला नाही. पिनला पाणी दिलेलंच नव्हतं. कुठल्यातरी कारखान्यात ती भट्टीत न जाताच बाजूला पडली असणार आणि तशीच गाडीत चढली असणार. फोरमनने लाल रंगाचा डबा मागवला, पिनवर फुली मारली आणि ती लोखंडाच्या भंगारात टाकायला लावली.

मग तो बाहेर गेला आणि पाळी रद्द झाल्याचं माणसांना सांगितलं. आधी कुरकुर झाली. कुणीतरी कारण विचारलं, कुणीतरी सांगितलं, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. पिन कच्ची होती. मामांनी पास केली होती. मामांना दिसत नाही. कुरकुर हळूहळू थांबली.

मामींनी नळी पुसली, पेटीत ठेवली, कडी लावली. फोरमनने मामांचा हात हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवला, पण पुन्हा कधी या असं तो म्हणाला नाही, आणि मामांनीही तशी वाट पाहिली नाही. ते दाराकडे निघाले. बाहेर माणसं दोन्ही बाजूंना सरकून उभी होती. आपल्या जिवाशी खेळ झाला म्हणून कुणी बोलेल, या भीतीनं मामींनी मान वर केली नाही.

दाराबाहेर एक उंच पायरी होती. मामा या शेडमध्ये इतक्या वर्षांत कितीदा आले-गेले होते. दिसेनासं झाल्यावरही ती पायरी त्यांच्या पायाला कधी चुकली नव्हती. कुठे थांबायचं, किती खाली पाय टाकायचा, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं, आणि ते मामींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मघाचा मिशाळ खाणकामगार पुढे आला. "मामा, जपून," तो म्हणाला. "इथे पायरी आहे."

मामा थांबले. मामींना वाटलं, आता काहीतरी तिखट उत्तर येणार. पण मामांनी उजवा हात समोर हवेत धरला.

"धर बाबा," ते म्हणाले. "कुठे आहे ते मला दिसत नाही."

त्याने हात धरला. मामांनी नवख्या माणसासारखा एक पाय पुढे करून पायरीची कड चाचपली, आणि सगळ्यांच्या देखत, त्याच्या आधारानं, सावकाश खाली उतरले. मामी पेटी घेऊन त्यांच्या मागून उतरल्या.